गुलालानंतर ऑटोफोकस बसेना: किट लेन्स खोलण्याआधी काय काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅनन १५००डी बॉडी, तिच्यासोबत आलेली १८-५५ आयएस टू किट लेन्स. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर दिवसभर गुलालात शूटिंग झालं. घरी येऊन कॅमेरा वरवर पुसून बॅगेत ठेवला. दोन दिवसांनी शटर अर्धं दाबलं तर लेन्समधून घर्र-घर्र आवाज येतो, फोकस बसत नाही, व्ह्यूफाइंडरमधला हिरवा दिवा लुकलुकत राहतो आणि फोटो पडत नाही. लेन्सवरचं बटण एएफवरून (ऑटोफोकस) एमएफवर (मॅन्युअल फोकस) टाकून हाताने फोकस केला की फोटो येतात. लेन्स गेली की बॉडी? दुरुस्त करायची की दुसरी घ्यायची?

आधी एक करा: शटर पुन्हापुन्हा दाबून बघणं थांबवा. या लेन्समध्ये शेंगदाण्याएवढी मोटर आणि प्लास्टिकच्या बारीक गिअरची साखळी असते. गुलाल त्या गिअरवरच्या ग्रीसमध्ये गेला असेल तर प्रत्येक दाबण्यासरशी तो दळला जातोय. आज जे नुसतं साफ करून भागेल, ते वीस वेळा दाबल्यावर गिअर बदलण्यावर जातं.

बाकी तुमच्या वर्णनात एक चांगली गोष्ट आहे ती म्हणजे तो आवाज. आवाज येतोय याचा अर्थ बॉडीने हुकूम दिला, तो कॉन्टॅक्टमधून, म्हणजे बॉडी आणि लेन्स जोडणाऱ्या सोनेरी ठिपक्यांतून, लेन्सपर्यंत पोचला आणि मोटर फिरली. म्हणजे बॉडी मेली, बोर्ड जळला, मोटर गेली, या तीन महागड्या शंका बऱ्याचशा मागे पडल्या. मुळात ऑटोफोकसच्या तक्रारीत डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाला येतात. अजिबात आवाज नसेल तर बटण, सेटिंग, कॉन्टॅक्ट किंवा आतली रिबन (तारांची चपटी पट्टी) बघायची. मोटर मऊ आवाजात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत येत असेल, तर लेन्स बहुधा ठणठणीत आहे आणि तिला पकडायला काही मिळत नाहीये: उजेड कमी, समोर कोरी भिंत, नाहीतर वस्तू फार जवळ. या लेन्सचं सगळ्यात जवळचं अंतर २५ सेंटिमीटर, आणि ते पुढच्या काचेपासून नाही तर बॉडीच्या आतल्या सेन्सरपासून मोजायचं. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण पुढचा भाग हलत नाही, तर गिअर सटकतोय. हलतो पण ठरावीक जागी येऊन अडतो, तर वाटेत कचरा आहे किंवा नळी वाकली आहे. टोकाला जाऊन टक-टक आपटत राहतो, तर आपण कुठे आहोत हे लेन्सला सांगणारा आतला ब्रश घाण झालाय किंवा वाकलाय.

तुमच्या घर्र-घर्रमध्ये पुढची काच फिरते का, हे एकदाच, फक्त एकदाच, नीट बघा. १८-५५ आयएस टूमध्ये फोकस होताना पुढचा काचेचा भाग स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे हे बाहेरून दिसतं. कडेवर पेन्सिलने एक ठिपका काढा, कॅमेरा टेबलावर ठेवा, शटर अर्धं दाबा. ठिपका सरकला की नाही, एवढंच हवं.

त्यानंतरची तपासणी दिवसा, खिडकीजवळ करायची. एलईडी बल्बच्या उजेडात काही वेळा फोकस उगाच अडखळतो आणि निष्कर्ष चुकतो. समोर दोन मीटरवर भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, ज्यावर तारखांचे मोठे काळे आकडे आहेत. झूम ३५ वर. मोड पी. एएफ मोड वन शॉट. फोकस पॉइंट फक्त मधला. या बॉडीत नऊ पॉइंट आहेत पण उभ्या आणि आडव्या दोन्ही रेषा पकडणारा क्रॉस पॉइंट मधला एकच आहे, बाकीचे आठ त्याच्या मानाने कच्चे. मधला पॉइंट एखाद्या आकड्याच्या कडेवर ठेवा.

आता लेन्सचं बटण एमएफवर करा, शटर अर्धं दाबून धरा आणि फोकस रिंग हाताने हळूहळू फिरवा. आकडा स्पष्ट होतो त्या क्षणी पॉइंट चमकला, बीप आला आणि हिरवा दिवा स्थिर राहिला तर बॉडीतला फोकस सेन्सर जिवंत आहे, लेन्समधून येणारं चित्रही त्याला समजतंय. मग दोष फक्त हलवणाऱ्या यंत्रणेत. ही चाचणी फुकट आहे, दहा सेकंदांची आहे आणि निम्मा प्रश्न तिथंच सुटतो. तरी दुकानात लेन्स टाकण्याआधी ती करणारे फार थोडे.

रिंग फिरवताना बोटांना काय लागतं तेही लक्षात ठेवा. एमएफवर ती दोन्ही टोकांपर्यंत एकसारखी सरकायला हवी. कर्रकर्र लागली, म्हणजे वाळू चाळल्यासारखी, तर आत पावडर आहे. एका जागी जड आणि पुढे हलकी झाली तर नळीला मार बसलाय. मग कॅमेरा बंद करून बटण एएफवर घ्या आणि रिंगला बोटाच्या टोकाने अगदी हलका धक्का द्या. गिअर गुंतलेला असेल तर ती अडते. एमएफइतकीच मोकळी फिरली तर गिअर गुंततच नाहीये. इथं जोर लावू नका. या लेन्सला एएफवर असताना हाताने फिरवणं चालत नाही. किट लेन्सचे गिअर जितके गुलालाने जातात, त्याहून जास्त या सवयीने जातात.

एक फसवी गोष्ट एएफ-एमएफच्या बटणाचीच. त्याच्या खाचेत गुलाल बसला की ते एएफवर दिसतं पण पूर्ण सरकलेलं नसतं, अर्ध्यात अडकलेलं असतं. कॅमेरा बंद ठेवून, मऊ ब्रशने खाच झाडून ते पंधरा-वीस वेळा इकडेतिकडे करा आणि शेवटी नखाने टोकापर्यंत ढकला. यात्रेनंतरच्या काही तक्रारी एवढ्यावरच मिटतात.

पुढची चाचणी लाइव्ह व्ह्यूची, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढण्याची. व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकस ठरवतो तो सेन्सर वेगळा, मिरर बॉक्सच्या तळाशी बसलेला. मुख्य आरशामागचा छोटा आरसा त्याच्याकडे उजेड पाठवतो. लाइव्ह व्ह्यूत मात्र फोकस थेट फोटोच्या सेन्सरवरून ठरतो. म्हणून दोन्हीकडे करून बघितलं की दोष कुणाच्या अंगणात आहे ते कळतं. मात्र १५००डीमध्ये लाइव्ह व्ह्यूच्या एएफ मेथडमध्ये क्विक मोड नावाचा पर्याय आहे, तो गुपचूप तोच खालचा सेन्सर वापरतो. चाचणीसाठी फ्लेक्सीझोन सिंगल निवडा. नाहीतर दोन्ही वेळा एकच गोष्ट तपासून तुम्ही निर्धास्त व्हाल. लाइव्ह व्ह्यूत फोकस हळू पण नीट बसला आणि व्ह्यूफाइंडरमधून बसत नाही, तर लेन्सला दोष देऊ नका; मिरर बॉक्समध्ये गुलाल गेलाय किंवा छोटा आरसा हललाय. लेन्स काढून, बॉडीचं माउंट (लेन्स बसते ती गोल जागा) खाली करून हवेच्या रबरी ब्लोअरने चार-पाच फुंकर मारा, याच्यापुढे त्या आरशाला स्वतः हात लावू नका. दोन्हीकडे तोच घर्र-घर्र असेल तर लेन्सच.

खात्री करायची असेल तर अदलाबदल. ओळखीच्या कुठल्याही लग्नाच्या स्टुडिओत कॅननची बॉडी आणि लेन्स असतेच. त्यांची लेन्स तुमच्या बॉडीवर, तुमची त्यांच्या बॉडीवर, दोन मिनिटांचं काम. फक्त जाताना माउंट साफ करून जा, त्यांच्या सेन्सरवर जोतिबाचा प्रसाद नको.

आता सफाई. गुलाल ही फार बारीक पूड, आणि ओल लागली की तिचा लगदा होतो. म्हणून पहिला नियम: ओलं फडकं नाही. बॅटरी काढा, लेन्स बॉडीपासून वेगळी करा, मागची टोपी लावा. लेन्सचं तोंड खाली करून धरा म्हणजे सुटलेली पूड बाहेर पडेल. नवीन, कोरड्या, मऊ रंगाच्या ब्रशने झूम रिंगच्या कडा, फोकस रिंगची फट, बटणांच्या खाचा झाडा. मग झूम थोडं थोडं फिरवत उघडी पडणारी आतली नळी प्रत्येक टप्प्यावर झाडा. झाडण्याआधी झूम मागंपुढं करू नका. झूम लेन्स भात्यासारखी हवा ओढते आणि नळीवरची पूड आत घेते. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर सर्वांत कमी ओढीवर, नळीपुढे ब्रश धरून चालेल. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. टायरच्या दुकानातला कॉम्प्रेसर तर नकोच. त्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं, आणि जोर एवढा की पूड थेट गिअरपर्यंत जाते.

डब्ल्यूडी-४०, मशीन तेल, पेट्रोल यांतलं काहीही नको. तेल सोडल्यावर दोन दिवस लेन्स चालते आणि सगळे खूश होतात. मग ते तेल पसरत अपर्चरच्या, म्हणजे उजेडाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या, पात्यांवर जातं, पाती चिकटतात, आणि आता फोकसबरोबर एक्स्पोजरही बिघडतं. तांदळाच्या डब्यात ठेवणं हा दुसरा घरगुती उपाय. त्याने ओल फारशी जात नाही, पिठूळ धूळ मात्र आत जाते.

कॉन्टॅक्ट तुमच्या तक्रारीत मुख्य संशयित नाहीत, पण लेन्स काढलीच आहे तर करून घ्या. मेडिकलमधलं हातावर चोळायचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. एक-दोन थेंब मायक्रोफायबरच्या कोपऱ्यावर, कॉन्टॅक्टवर थेट नाही, आणि सोनेरी ठिपके एका दिशेने पुसा. खोडरबराने घासू नका, वरचा सोन्याचा मुलामा पातळ असतो आणि रबराचा चुरा आत पडतो. बॉडीकडच्या पिना स्प्रिंगवर असतात. लाकडी काडीने हलकेच दाबून प्रत्येक पिन सारखीच उसळते का बघा. एखादी आत अडकली असेल तर ऑटोफोकस कधी चालतो, कधी नाही, आणि लेन्स थोडी फिरवून धरली की परत चालतो. कॉन्टॅक्टच बिघडले असते तर अपर्चरच्या जागी ००, किंवा एरर ०१ दिसलं असतं. एरर ०१ फक्त एफ/८ सारख्या बारीक अपर्चरवर येत असेल आणि अपर्चर पूर्ण उघडं असताना येत नसेल, तर कॉन्टॅक्ट कितीही पुसा, उपयोग नाही. अपर्चरची रिबन किंवा पाती गेलेली असतात.

माउंट हातात असतानाच तेही बघा. या लेन्सचं माउंट प्लास्टिकचं आहे. त्याच्या तीन कानांपैकी एखाद्याला केसासारखी चीर असेल तर लेन्स वाकडी बसते. गर्दीत कॅमेऱ्याला सासनकाठीचा धक्का लागला असेल तर चीर पडलेली कळतही नाही.

सफाईनंतर बॅटरी घालून कॅलेंडरची चाचणी १८, २४, ३५ आणि ५५ वर, प्रत्येकी पाच वेळा करा. दर वेळी शटर दाबण्याआधी बटण एमएफवर नेऊन फोकस मुद्दाम बिघडवा आणि परत एएफवर या, नाहीतर लेन्स आधीच जागेवर असते आणि चाचणी खोटी पास होते. चारही ठिकाणी बसला तर सुटलात. १८ वर बसतो आणि ५५ वर बसत नाही, असं असेल तर झूमसोबत वाकणारी आतली रिबन एका जागी तुटत आलीय. ती सफाईने सुधारत नाही. सगळीकडेच घर्र-घर्र उरलं असेल तर लेन्स उघडावी लागेल.

ती तुम्ही उघडू नये, हे माझं स्पष्ट मत. कारण भीती नाही, हिशोब आहे. माउंटचे स्क्रू जपानी जेआयएस घाटाचे, नेहमीच्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने डोकी झिजतात. आतल्या रिबन चिमट्यासारख्या खटक्यात अडकवलेल्या; खटका न उघडता ओढली की रिबन फाटते. काही लेन्सच्या माउंटखाली केसाइतक्या पातळ चकत्या असतात, त्या जागच्या जागी परत गेल्या नाहीत तर लेन्स आणि सेन्सरमधलं अंतर बदलतं. कॅननच्या ईएफ माउंटचं ते अंतर ४४.०० मिलिमीटर ठरलेलं आहे. दशांशचिन्हानंतरची ती दोन शून्यं शोभेची नाहीत.

दुरुस्ती करणारा काय करतो ते माहीत असलेलं बरं. तो फोकसची मोटर आणि गिअरचा भाग बाहेर काढतो, जुनं ग्रीस सॉल्व्हंटने पूर्ण धुतो, दात मोडलेत का भिंगाखाली बघतो, आणि टाचणीच्या टोकाएवढं नवीन ग्रीस लावतो. दात शाबूत असतील तर काम एवढंच. मोडले असतील तर गिअर बदलावा लागतो आणि तो सुटा मिळणं कठीण. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पंपापासून उसाच्या घाण्यापर्यंत कशाचाही गिअर पाडून मिळेल, पण मिलिमीटरच्या अंशातले दात असलेला हा प्लास्टिकचा गिअर तिथला कसबी माणूसही करून देणार नाही. तो येतो दुसऱ्या मेलेल्या लेन्समधून, जिच्या काचेला बुरशी लागली पण मोटर धड आहे अशा. म्हणून दुकानदाराला सरळ विचारा: नुसती सफाई की पार्ट बदलणार? पार्ट बदलला तर जुना परत मागून घ्या. आणि खर्चाचा आकडा त्याच लेन्सच्या चांगल्या सेकंडहँड किमतीच्या निम्म्यावर गेला तर दुरुस्तीत पडू नका. किट लेन्स बाजारात मुबलक आहेत. हाच नियम ७०-२०० एफ/२.८ सारख्या महागड्या लेन्सला लावू नका, तिथं दुरुस्ती जवळजवळ नेहमीच परवडते.

दुरुस्त होऊन आलेली लेन्स दुकानातच तपासून घ्या. कॅलेंडर नसेल तर दुकानाच्या पाट्या आहेत. अर्ध्या मीटरवर, तीन मीटरवर आणि रस्त्यापलीकडे, तिन्ही ठिकाणी अपर्चर पूर्ण उघडं ठेवून ५५ वर फोटो काढा आणि मोठे करून बघा. दूरचा धूसर येत असेल तर लेन्स अनंतापर्यंत पोचत नाहीये, म्हणजे रिंग एखादा दात चुकून बसवलीय. व्ह्यूफाइंडरमधून फोकस दरवेळी थोडा पुढे किंवा मागे पडत असेल तर १५००डीमध्ये ते मेनूतून सुधारण्याची सोय नाही, त्यामुळे तिथंच परत द्या.

दुसरी लेन्स असलेल्यांसाठी थोडं. निकॉनच्या डी३५००, डी५६०० या बॉडीत फोकसची मोटर नाही. ५० एमएम एफ/१.८डी सारखी जुनी लेन्स त्यांवर ऑटोफोकस करणारच नाही, त्यात बिघाड काही नाही. नावात एएफ-एस किंवा एएफ-पी हवं. उलट एएफ-पी लेन्स डी९०, डी५१००, डी७००० यांवर चालत नाही. कॅननच्या ५० एमएम एफ/१.८ एसटीएमला पुढची नळी बाहेर आलेली असताना टोला बसला की ती वाकडी होऊन अडकते, बॅगेत टाकण्याआधी ती आत घ्या. रिंग अल्ट्रासॉनिक मोटरच्या लेन्समध्ये गिअर नसतो, घर्षणावर काम चालतं. तिथून किंचाळल्यासारखा बारीक आवाज यायला लागला तर मोटरच थकलीय. आणि शटर अर्धं दाबून काहीच होत नाही, पण मागच्या स्टार बटणाने फोकस होतो, असं असेल तर कोणीतरी बॅक बटण फोकस लावून ठेवलाय. मेनूतून कस्टम फंक्शन क्लिअर करा.

गगनबावडा, राधानगरीकडे पावसाळ्यात शूट करणाऱ्यांना तक्रार वेगळी येते. तिथं आवाज मऊ असतो, मोटर धड असते, पण लेन्स शोधत बसते. टॉर्चचा उजेड मागून मारून काचेत बघा. जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, सगळीकडे दुधाळ दिसलं तर आतून वाफ धरलीय. दोन्हीत कॉन्ट्रास्ट जातो, आणि ऑटोफोकस कॉन्ट्रास्टवरच जगतो. गुऱ्हाळावर काहिलीजवळ पुढच्या काचेवर वाफ बसली तरी तेच होतं, फक्त ती पाच मिनिटांत जाते. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्के. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तास-दोन तास तापवून परत वापरता येतं.

पुढच्या यात्रेला, किंवा पट्टणकोडोलीला भंडारा उधळतात तिथं जाताना, कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी बांधालच. पण १८-५५ आयएस टूवर रबर बँड पुढच्या कडेवर घट्ट बसवू नका. तोच भाग फोकस करताना फिरतो. पिशवी ताणली गेली की मोटर तिच्याशी झुंजत बसते आणि गुलाल न जाताही गिअर जातो. पिशवीला पुढे चार बोटांचा ढिलेपणा ठेवा, रबर बँड झूम रिंगच्या मागे, माउंटजवळ. झूम एका जागी, ३५ च्या आसपास, ठरवून ठेवा आणि जवळ-लांब पायांनी करा. डोंगरावर लेन्स बदलू नका. उतरल्यावर, बॅगेत टाकण्याआधी, ब्रश.